वॉर्डबॉय मामांना, अण्णांच्या घरून

मामा,

अण्णांचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आज पहिल्यांदा निवांत बसून लिहितेय. मोबाईलवर चार ओळी पाठवून भागलं नसतं. आणि हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते अण्णांच्या केसपेपरवर कुठंच लिहिलेलं नाही.

तुमच्या वॉर्डात अण्णा आले ते एक बाजू लुळी पडलेले, वाचा गेलेले म्हातारे गृहस्थ म्हणून. त्याआधीचे अण्णा तुम्हाला माहीत असावेत असं मला फार वाटतं.

ते मूळचे मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे भरणारे. दुसऱ्याच्या फौंड्रीत वाळू भरण्यापासून सुरुवात केली आणि पुढं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची भट्टी पेटवली. आपल्याकडच्या उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या भागात ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता, त्यांचे सुटे भाग ओतता ओतता उद्यमनगर वाढलं. अण्णाही त्यातच वाढले. आधी इंजिनांची फ्लायव्हील, मग पंपांची केसिंग, पुढं ट्रॅक्टरची कामं. शिरोलीला मोठं शेड झालं तरी ऑफिसात बसायचा त्यांना कंटाळाच होता.

घरी मात्र ते दुपारी जेवायला यायचेच. भट्टीत लोखंड वितळत असेल आणि यायला जमणार नसेल तर आईला आधी निरोप. आम्हा बहिणींच्या शाळेच्या गॅदरिंगला ठिणग्यांनी भोकं पडलेला शर्ट तसाच घालून पहिल्या रांगेत बसायचे. रात्री झोपताना आम्हाला राजाराणीच्या गोष्टी नसायच्या, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या असायच्या. 1910 साली कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना कसा उभा राहिला, लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकऱ्यांना कसं वाटायचं, पहिले नांगर खपायला दोन वर्षं कशी लागली. ‘दोन वर्षं’ म्हणताना अण्णांचा आवाज जड व्हायचा. ते दिवस त्यांनीही काढले होते. प्रत्येक मुलीच्या लग्नात त्यांनी आपल्या फौंड्रीत ओतलेला बिडाचा तवा दिला. त्याचा साचा मात्र दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा ज्या कामगारांच्या घरात पाणी शिरलं त्यांची बायकामुलं आमच्या घरी होती. लॉकडाऊनमध्ये भट्टी थंड होती, पण बिहारकडच्या पोरांची चूल शेडमध्ये रोज पेटत होती. आईने कधी ‘आपलं कसं होणार’ असं विचारलं नाही. त्या दोघांचं ते आधीच ठरलेलं असायचं.

हा माणूस, मामा, आधीच्या दवाखान्यात खाटेच्या कठड्याला बांधलेला होता.

उजवी बाजू गेली होती. राहिला होता तो डावा हात. त्या हाताने नाकातली नळी ओढली म्हणून तो हात बँडेजच्या पट्टीने कठड्याला आवळला. नळी निघू नये म्हणून काळजी घ्यायला हवी, हे मलाही कळतं. पण दिवसरात्र? मनगटावर वळ उठले तरी? विचारलं तर उत्तर एकच, ‘पेशंट कोऑपरेट करत नाही.’ आम्हाला काचेपलीकडून चार मिनिटं बघायला मिळायचं आणि काउंटरवर बिलासाठी मात्र सकाळ-संध्याकाळ बोलावणं यायचं. हे कोण, आयुष्यभर काय केलं, या हाताला कशाची सवय आहे, एवढं विचारायला किती वेळ लागतो? चकचकीत फरशीच्या त्या इमारतीत एकानेही विचारलं नाही. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

तुमच्याकडे आणलं तेव्हा तुम्ही आधी ती पट्टी सोडलीत. ‘मी हाय इथं, नळीकडं ध्यान ठेवतो,’ एवढंच सिस्टरना म्हणालात. मग खोबरेल आणून वळांवर लावलंत. हात मोकळा झाल्यावर अण्णा एकच गोष्ट परत परत करायला लागले. मूठ घट्ट मिटायची, उघडायची, तळव्याकडे बघायचं, अंगठा बोटांवर घासायचा. तुम्ही ड्रिप बदलता बदलता थांबलात आणि मला म्हणालात, “ताई, अण्णा वाळू बघाय लागल्यात न्हवं?”

तुमचा थोरला भाऊ मोल्डर होता हे तुम्ही नंतर सांगितलंत. तो पोटात खड्डा पडल्याचा क्षण मी कधी विसरणार नाही. अर्थातच वाळू! शेडमध्ये ओल मोजायचं यंत्र आलं तरी रोज सकाळी अण्णा आधी वाळूची मूठ उचलायचे. दाबायची, उघडायची, बोटांचे ठसे नीट उमटलेत का बघायचं, मग तो गोळा मधोमध मोडायचा. शंभराला तीन-चार भाग ओल. जास्त झाली तर चौदाशे अंशाचं बीड साच्यात पडताच वाफ धरते आणि कास्टिंगला भोकं पडतात. कमी झाली तर साचा ढासळतो. सगळा दिवस त्या मुठीवर ठरायचा.

दुपारी तुम्ही मागच्या बांधकामावरून कागदात मूठभर ओली वाळू घेऊन आलात. नळीवर एक हात धरलात आणि दुसऱ्या हाताने ती अण्णांच्या तळव्यावर ठेवलीत. त्यांनी मूठ दाबली, उघडली. बांधकामाची वाळू ती, त्यात साच्याची वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती कुठली, गोळा धरलाच नाही, चादरीवर सांडला. अण्णांनी तुमच्याकडे बघून मान हलवली. नापास! इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला काहीतरी सांगितलं होतं आणि ते समोरच्याला कळलं होतं. तुम्ही म्हणालात, “बरं शेट, उद्या चांगली आणतो.” मग कोमट पाण्याच्या फडक्याने एकेक बोट पुसलंत, नखांच्या कडासुद्धा, आणि राउंडच्या आधी चादर बदललीत.

दुसऱ्या दिवशी मी फौंड्रीतली काळी वाळू डब्यात घालून आणली. अण्णांनी दाबली, ठसे बघितले, अंगठ्याने गोळा मोडला. कडा स्वच्छ आली. त्यांनी आईकडे बघितलं, आणि आई किती तरी दिवसांनी हसली. त्यानंतर नळीला त्यांनी हात लावला नाही, जाईपर्यंत नाही.

तुम्ही काही औषध दिलं नाहीत, अण्णा वाचलेही नाहीत. पण शेवटचे दिवस ते बांधलेले पेशंट नव्हते, फौंड्रीवाले अण्णा होते, आणि ते तुमच्यामुळे. तुमच्यासारखी माणसं सगळ्या वॉर्डांत असतात याची मला खात्री आहे. रात्री उशी सरळ करणारी, बाईमाणसाच्या अंगावर चादर ओढून देणारी, नातेवाईक बाहेर रडताना चहा आणून ठेवणारी. त्यांचा पगार थोडा, नाव कुणाला माहीत नाही, आणि वरून ओरडा खायचा तोही त्यांनीच. दवाखान्याची मोठेपणाची पाटी लावताना कुणीतरी यांच्याकडे बघावं. माणसाला माणसासारखं धरता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती मी तुमच्या हातात बघितली.

पैशाचं पाकीट तुम्ही परत केलंत, त्याचा आईला राग नाही. पण आता ती पाठवतेय ते परत करायचं नाही. फौंड्रीतल्या पोरांनी अण्णांच्याच साच्यावरून तुमच्या घरासाठी तवा ओतलाय. पहिल्यांदा मंद आचेवर तेल लावून, कांदा फिरवून घ्या, साबण लावू नका. भाकरी छान फुगते. रविवारी आम्ही बहिणी आईला घेऊन येतो आहोत, वहिनींना सांगून ठेवा.

तुमची,
अण्णांची धाकटी मुलगी