काकू, हे तुमच्यासाठी

काकू, समोर बसून हे बोलायला गेले असते तर तुम्ही "पुरे गं, चहा घे" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वीचा तो सप्टेंबर आठवतोय ना? रात्री दीड-दोनपर्यंत कॉल्स, सकाळी मुलीचा डबा, आणि मधेच बसल्या जागी छातीत एवढं धडधडायचं की मला वाटायचं आता संपलंच सगळं. जो तो सांगायचा, टेन्शन घेऊ नकोस. अहो पण ते घेऊ नये म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नव्हतं. तुम्ही लिफ्टमध्ये माझा चेहरा बघितलात आणि एवढंच म्हणालात, "आधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढून ये, मग उद्या सहाला खाली ये." ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं, डॉक्टरांनीही ताणच सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी मी झोपाळलेल्या डोळ्यांनी तुमच्या मागे वेताळ टेकडी चढत होते. पुण्यात इतकी वर्षं राहून पहिल्यांदा!

वर पोचल्यावर तुम्ही मला दगडावर बसवलंत आणि माझीच तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवलीत. म्हणालात, श्वास आत घे, आता हळूऽहळू सोड, नाडी काय करते बघ. श्वास घेताना ठोके थोडे भराभर, सोडताना संथ. मला खरंच वाटेना, तीन-चारदा करून बघितलं. श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला जरा सबुरीने घ्यायला लावतो, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा, आत चार आकडे तर बाहेर सहा, जमेल तेवढं, ओढूनताणून नाही. ज्या धडधडीला मी महिनाभर घाबरत होते ती माझ्या बोटांखाली शांत होत होती, काकू. मी रडले आणि तुम्ही काहीही न विचारता पाण्याची बाटली पुढे केलीत.

तुम्ही हे लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये शिकलात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत पहिल्यापासून प्राणायामाचे परिणाम यंत्रांवर मोजून बघायचे, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात. नंतर ऑफिसमध्ये माइंडफुलनेसचं सेशन झालं, त्यात कळलं की जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत ताणाच्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला, त्यातही श्वासावर लक्ष, आडवं पडून एकेक अवयव जाणवून घेणं, हेच. पण स्क्रीनवर बघून मला ते कधीच जमलं नसतं, माझ्यासाठी शेजारी बसलेलं माणूस लागत होतं.

आणि तो नाचण! "आज पाच मिनिटं फक्त याच्याकडे बघायचं" म्हणालात. एवढासा पक्षी, शेपटीचा पंखा उघडतोय, मिटतोय, फांदीवर इकडून तिकडे वळतोय, मन मधेच ऑफिसच्या मेलवर गेलं की तुम्ही म्हणायचात, "गेलं ना? जाऊ दे, परत आण." रागावायचं नाही स्वतःवर. हे वाक्य मी आता मुलीलाही सांगते, परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही दोघी तुमची भ्रामरी करतो, ओठ मिटून, भुंग्यासारखी, तिला हसू येतं मग मलाही येतं, पण झोप लागते तिला.

नोकरी तीच आहे, कॉल्सही आहेत, फक्त रात्री अकरानंतरचे मी बंद करायला लावले, ते मागायची हिंमतसुद्धा टेकडीवरूनच आली. धडधड अजून कधीतरी होते. तेव्हा बोटं आपोआप मनगटावर जातात.

तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नाशिकला लेकाकडे गेलात तेव्हापासून मी एकटीच जाते. सोनसावरीची पानं सगळी गळलीत, नुसत्या काटक्या, आणि त्यावर ती पिवळीधमक फुलं. काल फोटो पाठवलेत, चष्मा लावून बघा. आणि फिजिओ चुकवू नका काकू, त्या दगडावर तुमची जागा मी रोज रिकामी ठेवते.

तुमचीच,
तिसऱ्या मजल्यावरची