रोल संपवायला काढलेले फोटो

स्टुडिओवाले काका,

नमस्कार. तुमचं नाव इथं लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीये. मेन रोडच्या आतल्या गल्लीत, टेलरच्या शेजारी, तुमचं ते अरुंद दुकान, एवढं म्हटलं तरी ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. दिवाळीच्या आधी चिवडा घेऊन आले होते तर शटर बंद आणि वरची पाटीही काढलेली. टेलरभाऊ म्हणाले काका मुलाकडे गेले, आता इकडे येणं व्हायचं नाही, आणि त्यांच्याकडचा नंबर लावला तर तो बंदच. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. आणि तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिलीये, तिचं शेवटी सांगते.

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार. नाशिककराला त्या दिवसाबद्दल जास्त काही सांगायला लागत नाही. सकाळपासून धो धो पाऊस, त्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, आणि आपल्याकडे पुराच्या वेळी जो तो एकच विचारतो, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलंय? छातीपर्यंत आलं असं कळल्यावर काकूनं भांडी बाजाराजवळच्या आमच्या जुन्या वाड्यातून सामान वर न्यायला सुरुवात केली. गहू, तांदूळ, गॅसची टाकी, देव, सगळं वर गेलं, आणि खालच्या खोलीतली लोखंडी ट्रंक राहिली. त्या ट्रंकेत आमचे सगळे अल्बम होते.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा पाणी ओसरलेलं, सगळीकडे चिखल आणि तो वास. ट्रंक उघडली तर अल्बमची पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. मी काय केलं ते तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. मी ओढायला लागले. एक पान ओढलं आणि आईच्या डोहाळजेवणाच्या फोटोतला आईचा चेहरा समोरच्या पानाला लागून निघून आला. त्यानंतर हात थांबले खरे, पण तो फोटो गेलाच. एका दुकानात दाखवलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम काही होणार नाही याचं, टाकून द्या. आणि मग टेलरभाऊंनी, ज्यांच्याकडे मी फक्त ब्लाउज शिवायला टाकायचे, माझा चेहरा बघून तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही पिशवीत डोकावून पाहिलंत आणि पहिलं वाक्य बोललात, "ताई, ओढू नका. ओढलं की गेलं." मग चहा मागवलात आणि मला समजावून सांगत बसलात, की फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यात फुगतो, मऊ होतो, आणि तसाच वाळला की समोर जे असेल त्याला डिंकासारखा चिकटून बसतो. म्हणजे ओला फोटो वाचू शकतो, चिकटून वाळलेला अवघड. मी तर ते घरी पंख्याखाली वाळवायचं म्हणत होते! तुम्ही डेव्हलपिंगचे जुने ट्रे काढलेत, गार स्वच्छ पाणी ओतलंत, त्यात अल्बमचे तुकडे अलगद सोडलेत आणि म्हणालात, आता त्यांना सुटू द्या, आपण घाई करायची नाही. आज सगळे होणार नाहीत, उरलेले ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, रोज थोडे आणा. पंधरा दिवस आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी माझ्या मावशीचं लग्न होतं.

रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी यायचे. तुम्ही बोटाच्या पेरानं चिखल धुवायचात, चिमट्यानं नाही, आणि फोटो सुती कापडावर उताणे पसरायचात. मी पेपर पसरायला घेतला तर ओरडलात, छापील पेपर नको, शाई उतरते. आजी-आजोबांचे काळे-पांढरे फोटो बऱ्यापैकी निघाले. रंगीत मात्र कठीण. कुठे लाल पूर आल्यासारखा पसरलेला, कुठे नुसता पांढरा कागद. शेवटी मोजले तर चाळीसच वाचले. मी तिथंच स्टुलावर बसून रडले, तुम्ही गप्प राहिलात, पाण्याचा ग्लास पुढे केलात आणि मग सहज विचारलंत, "निगेटिव्ह आहेत का हो?"

काका, त्या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र आहे असं समजा.

निगेटिव्ह होत्या. वाड्याच्या माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बटर पेपरमध्ये घातलेल्या, पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. बाबांचा डबा. बाबा नाशिकरोडला नोटा-स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये होते, जिथं एकेका कागदाचा हिशोब ठेवतात, आणि तो स्वभाव घरीही तसाच. याशिका कॅमेरा होता त्यांचा. ३६ फोटोंचा रोल आणला की तो दोन-दोन महिने पुरवायचा. आधी रोल नुसता धुवून आणायचे, मग निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून भिंगातून बघायचे आणि पाकिटावर पेन्सिलीनं नंबर लिहायचे, तेवढेच प्रिंट काढायचे. "डोहाळजेवण, फेब्रु. १९८९, पसंत २२." बाकीचे चौदा तसेच डब्यात.

तुम्ही डबा उघडलात आणि आधी नाक आत घालून वास घेतलात. मला कळेना. मग सांगितलंत, व्हिनेगरसारखा आंबट वास आला की समजायचं फिल्मच कुजायला लागलीये, मग काही खरं नाही. वास नव्हता. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरणार नाही, जणू काही डबा तुमच्याच घरचा होता.

मी म्हटलं, काका, पाकिटावर जे नंबर लिहिलेत तेवढेच स्कॅन करा, तेच अल्बममध्ये होते. आणि तुम्ही नाही म्हणालात. "सगळे करतो. नापसंत कुणी ठरवलं? तेव्हाच्या पैशांनी ठरवलं." चौदा रोल, सहा-सहाच्या पट्ट्या, पाचशेच्या आसपास फ्रेम. दिवसभर पासपोर्ट फोटो आणि आधारच्या झेरॉक्स करून, संध्याकाळी दुकान अर्धं ओढून घेऊन तुम्ही एकेक पट्टी ब्लोअरनं साफ करून स्कॅनरवर लावायचात. तीन महिने. पैसे विचारले की म्हणायचात, प्रिंट काढाल त्याचे द्या, स्कॅनरला वीज किती लागते असं! मी वाद घातला, पाकीट ठेवून आले, ते तुम्ही टेलरभाऊंकडून परत पाठवलंत.

स्कॅनर चालू असताना तुम्ही बोलायचात. भिंतीवर दादासाहेब फाळक्यांचा फोटो होता, त्यांच्याविषयी तर भरभरून. आपल्या त्र्यंबकचा माणूस, १८७० चा जन्म, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगात बायको आणि मूल गेलं, धंदा बंद पडला, आणि तरी शेवटी १९१३ ला सिनेमा उभा केला. पण तुम्हाला सगळ्यात भारी वाटायचं ते वेगळंच. सिनेमाला पैसे मिळावेत म्हणून फाळक्यांनी आधी काय शूट केलं, तर कुंडीतला वाटाणा. रोज थोडं थोडं चित्रीकरण, आणि पडद्यावर रोप भराभर वर येताना दिसलं. "देव नाही, राजा नाही, वाटाणा!" असं म्हणून तुम्ही हसायचात. मला तेव्हा ती नुसती गोष्ट वाटली होती.

एकदा मी आले तेव्हा तुम्ही एक पट्टी दिव्यासमोर धरून बघत होतात. निगेटिव्हमध्ये मला कधीच काही कळत नाही, सगळं नारिंगी, माणसांचे केस पांढरे, चेहरे काळे. तुम्ही मात्र पुस्तक वाचल्यासारखं वाचायचात. म्हणालात, "ही तुमची आई बहुतेक. पाठमोरी. नळावर."

स्कॅन झालं आणि स्क्रीनवर वाड्याचा चौक आला. सकाळचं तिरकं ऊन, दगडी फरशी ओली, नळाखाली तांब्याची कळशी, आणि आई वाकलेली, घरातली जुनी साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि तिची वेणी. काका, माझ्याकडे आईचे जे फोटो होते ते सगळे लग्नकार्यातले, अंबाड्यातले, गजऱ्यातले. ती वेणी, जी धरून मी लहानपणी झोपायचे, ती कुठल्याच फोटोत नव्हती. आणि पुढचीच फ्रेम, तिनं मान वळवलीये, कॅमेरा दिसलाय, हात वर करून नको नको म्हणतेय, हात हललाय त्यामुळे धूसर झालाय, आणि तोंड अर्धवट उघडं. मला आवाज ऐकू आला. "अहो, साडी तरी बदलू द्या!" खाली नंबर होते ३५ आणि ३६.

तेव्हा तुम्हीच मला दाखवलंत की बघा, प्रत्येक रोलच्या शेवटी असंच आहे. कार्यक्रम तीस-बत्तीस फोटोंत संपायचा, चार-पाच उरायचे, रोल धुवायला टाकायची बाबांना घाई, मग "संपवून टाकू" म्हणत जे दिसेल ते काढायचे. मला आठवतं ते, रविवारी सकाळी बाबा कॅमेरा घेऊन घरभर हिंडायचे आणि आई वैतागायची. ते फोटो कुणी पसंत केले नाहीत, कधी प्रिंट झाले नाहीत, तीस वर्षं डब्यात बसून राहिले. आणि त्यातच आमचं घर होतं! आजी ओट्यावर सुपात हरभरे निवडतेय, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बाबांची सायकल आणि हँडलला दुधाची किटली. पेपरवर पसरलेली द्राक्षं, निफाडहून मामानं पाठवलेली, आणि कोपऱ्यात एक छोटा हात द्राक्ष उचलताना, तो हात माझा. रंगपंचमीचा एक रोल होता, शनि चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या त्या मोठ्या हौदात, उड्या मारणाऱ्या पोरांचे तेवीस फोटो, सगळे उडालेले, हललेले, आणि शेवटचा दुसऱ्या दिवशीचा, दोरीवर वाळत घातलेला काकाचा शर्ट, रंग न निघालेला. मला तो शर्टच जास्त आवडतो, खरं सांगते.

वाडा आता नाही. एक भिंत पावसात बसली, मग बाकीचाही उतरवावा लागला. त्या चौकाची फरशी कशी होती, नळ कुठल्या बाजूला होता, हे माझ्या मुलीला दाखवायला माझ्याकडे तेवढ्या दोन फ्रेम आहेत. त्या मी मोठ्या करून घेतल्या, तुम्हीच करून दिल्यात. प्रिंट देताना म्हणालात की हाताचा धूसरपणा कॉम्प्युटरवर कमी करता येईल, करू का, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच म्हणालात, नको, राहू द्या. आज हॉलमध्ये लावलाय तो फोटो. पाहुणे आले की विचारतात, चांगला फोटो नव्हता का आईंचा?

बाबा २०११ ला गेले, आई त्याआधीच. त्यांना विचारायला कुणी उरलं नव्हतं, कोण कुठे उभं आहे, हे कधीचं आहे. तुम्ही आमच्या घरचे नव्हतात, पण तुम्ही पाचशे फ्रेम एकेक करून बघितल्या होत्या, त्यामुळे आमच्या घरातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं होतं. "तुमच्या आजीचं मांजर होतं ना, तीन रोलमध्ये आहे, मग नाहीये." हे तुम्ही मला सांगितलंत! मला मांजर आठवतही नव्हतं.

आता माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, रोल कधी संपतच नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतलीये. रविवारी सकाळी चार फोटो काढायचे, कुणाला नीट उभं राहा म्हणायचं नाही. फ्रीजमागे वाळत ठेवलेले मुलीचे शाळेचे बूट. मिसळीच्या रिकाम्या वाट्या आणि पिळलेलं लिंबू. नवरा बेसिनपाशी दाढी करताना, गॅलरीतल्या कुंडीत आलेला मेथीचा कोंब (तो तुमच्या वाटाण्यासाठी). वर्षाअखेरीला त्यातले ३६ निवडून कागदावर प्रिंट काढते, ते तुमच्याकडेच काढायचे, यंदा कुठे काढायचे ते अजून ठरलं नाहीये. मुलगी वैतागते, आई काय हे, केस तरी विंचरू दे. ती असं म्हणते तेव्हा मी पटकन अजून एक काढते.

आता ती वस्तू. तुम्ही डबा परत दिलात त्यात सगळ्या पट्ट्या नीट नंबर टाकून, पाकिटं नवीन करून दिल्यात. मी त्या गेल्या महिन्यात पहिल्यांदा सगळ्या मोजल्या. एक पट्टी जास्त निघाली. तुमच्याकडे शिकल्यासारखी दिव्यासमोर धरून बघितली, मग एकाकडून स्कॅन करून घेतली. आमची नाहीये. तुमच्या स्टुडिओतला तो डोंगर आणि हंसांचा पडदा आहे मागे, स्टुलावर चार-पाच वर्षांचा मुलगा, एका पायात मोजा, हातात अर्धा खाल्लेला वडा. पुढच्या फ्रेममध्ये तो आरशाकडे बोट दाखवतोय आणि आरशात कॅमेरा धरलेले तुम्ही, काळे केस, किती तरुण. आणि दाराशी एक बाई हसतेय, डब्याची पिशवी घेऊन आलेली, त्या काकू असतील ना? नंबर ३४, ३५, ३६.

पट्टी बटर पेपरमध्ये घालून बाबांच्या डब्यातच ठेवलीये, कोरडी आहे, वासही घेऊन बघितला. टेलरभाऊंकडे माझा नंबर आहे. तुम्ही कुठे आहात तेवढं कळवा, मी घेऊन येते. चिवडाही आणीन.

तुमची,
भांडी बाजारातली ताई