दारात सूर्य, दारात कान

योकोहामा
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सा. नमस्कार.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "तीन वर्षं झाली, आता तरी तिथलं वाचता येतं का?" वेद मागे भोकाड पसरून बसला होता, म्हणून मी "हो, येतं की" म्हणून विषय गुंडाळला. खरं उत्तर फोनवर मावणारं नाही.

आधी माझी फजिती ऐक. गेल्या महिन्यात खोकल्यावर डॉक्टरांनी कांपोच्या, म्हणजे इथल्या काढ्याच्या जातीच्या औषधाच्या पुड्या दिल्या. औषधवाल्या बाईंनी भराभर समजावलं, मी सवयीने "हाय, हाय" (इथलं 'हो, हो') करत मान डोलावली. घरी येऊन पाकीट बघते तर दोनच अक्षरं, आणि दोन्ही ओळखीची! पहिलं खाण्याचं, दुसरं 'मध्ये'चं. काय आनंद झाला म्हणून सांगू. जेवणामध्ये घ्यायचं! तीन दिवस वरणभाताचे चार घास खाऊन मधेच ती कडूजहर पूड तोंडात टाकत होते. पुन्हा गेले तेव्हा कळलं की 'शोक्कान' म्हणजे दोन जेवणांच्या मधे, जेवून साधारण दोन तासांनी. बाई म्हणाल्या, जपानी माणसंही इथे फसतात. मला बरं वाटलं, खोकल्याला नाही.

म्हणजे बघ, आपल्याकडे पोराला काना-मात्रा-वेलांटी आली की अर्थ कळो न कळो, ते दुकानावरची पाटी घडाघडा वाचतं. इथे उलटं. अर्थ समोर दिसतो आणि तोंडातून आवाज फुटत नाही. रविवारला 'निचियोबी' म्हणतात. त्यातलं पहिलं 'निची' आणि शेवटचं 'बी' लिहायला एकच अक्षर, सूर्याचं. एकाच शब्दात दोन उच्चार! अशा अर्थाच्या अक्षरांना कांजी म्हणतात, आणि रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारने ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत (बाबांना सांग, कपड्यांना घालायची कांजी नव्हे). प्राथमिकच्या सहा वर्षांत मुलं त्यातल्या १,०२६ शिकतात, पहिलीत ८०.

त्याआधी हिरागाना, म्हणजे नुसत्या उच्चारांची अक्षरं होती, ती मात्र मला माहेरची वाटली. त्यांचा क्रम म्हणून बघ: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही आपल्याकडची जुनी लिपी शिकत, त्या अभ्यासातून आपल्या वर्णमालेची मांडणी इथे रुजली. आमच्या घरामागच्या देवळात समाध्यांजवळ उंच लाकडी फळ्या उभ्या करतात, त्यांवर सिद्धम् अक्षरं अजून लिहितात. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पिशव्या हातात तशाच धरून उभी राहिले. वाचता एकही येईना, पण वळण घरचं.

आता वेदची पहिली म्हणजे माझीही पहिली. त्याच्या वहीत मोठाले चौकोन, प्रत्येकात तुटक रेघांची फुली. रेघ कुठे थांबवायची ती 'तोमे', कुठे टोक उडवायचं ते 'हाने', कुठे निसटती सोडायची ती 'हाराई'. परवा मी त्याच्याशेजारी बसून 'उजवा' आणि 'डावा' लिहीत होते. दोन्हींचं डोकं हुबेहूब सारखं. माझ्या हातातली पेन्सिल काढून घेत म्हणतो, "आई, उजव्यात आधी तिरकी, डाव्यात आधी आडवी!" मी म्हटलं, लिहून झाल्यावर कोणाला कळणार आहे? त्याने असं बघितलं की मला तूच आठवलीस. शिरोरेघ आधी ओढून तिला अक्षरं टांगायचे, तेव्हा "वाळत घातलीस का?" म्हणून पाटी पुसून टाकायचीस ना, अगदी तसं.

मी मात्र चोरवाटेने लक्षात ठेवते. दाराच्या चौकटीत सूर्य, म्हणजे फटीतून येणारा उजेड, तो 'मध्ये'. माझ्या औषधाच्या पाकिटावरचा तोच. त्याच दारात तोंड घातलं की 'विचारणं', आणि कान लावला की 'ऐकणं'. हे अक्षर शिकायला मला अर्धा मिनिटही लागलं नाही, समोरच्या काकू डोळ्यांपुढे आल्या! शिकवणाऱ्या बाई म्हणतात, या दोहोंत दार अर्थासाठी नाही, उच्चारासाठी आहे. असेल. पण कान काही दारातून हलत नाही. आणि छपराखाली बाई बसली की 'शांतता'. हेच अक्षर भाजीच्या दुकानात ठळक लाल रंगात असतं, तिथे त्याचा अर्थ 'स्वस्त'. यावर मी ह्यांच्याशी भांडून घेतलं, कांजी काही त्यांनी काढलेली नाही तरी.

७ डिसेंबरला माझी एन-३ची, म्हणजे जपानी भाषेची मधल्या पातळीची परीक्षा आहे. मागच्या वेळी थोडक्यात गेली, ते तुला सांगितलं नव्हतं. बाबांना आत्ताच बोलू नकोस. दादा जानेवारीत येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट आणि एक दगडी पाटी पाठव, लाकडी चौकटीची. फुटणार नाही अशी कपड्यांत गुंडाळ.

सोबत वेदचा कागद आहे. आजीला काय लिहू म्हटल्यावर त्याने हे काढलं: एक झाड वर, दोन खाली, म्हणजे 'जंगल'. मी म्हटलं, आजीच्या घरी कुठे जंगल? तर म्हणाला, आंबा, फणस, शेवगा, झाली की तीन. खालच्या डाव्या झाडाची शेवटची रेघ आखूड दिसेल, ती चूक नाही. शेजारच्या झाडाला लागू नये म्हणून तिथे फांदी आखडती घ्यायची असते.

बाबांना नमस्कार.

तुझी,
माई