मत दिलं, पण नागरिकत्व भारताचंच

लंडन, ७ जुलै २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, अजिबात काळजी करू नका. परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, ४ तारखेला मी इथल्या पार्लमेंटसाठी मत दिलं, पण नागरिकत्व सोडलेलं नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं तर भारताचं जातं, नुसतं मत दिल्यानं नाही. इथं कायदेशीर राहणारा, अठरा पूर्ण झालेला माणूस ब्रिटिश, आयरिश किंवा राष्ट्रकुलातल्या, म्हणजे आपल्या भारतासारख्या, बहुतेक पूर्वी ब्रिटिश साम्राज्यात असलेल्या देशाचा नागरिक असला, की यादीत नाव घालता येतं. साम्राज्याच्या काळात आपण कायद्यानं ब्रिटिश प्रजाजन होतो. साम्राज्य गेलं, हक्क तेवढा राहिला. ऑफिसातली फ्रेंच मैत्रीण माझ्या कितीतरी आधीपासून इथं राहते, कर भरते, पण पार्लमेंटसाठी तिला मत नाही. मला हे पटत नाही. जो जिथं राहतो, कर भरतो, त्याला तिथं विचारायला हवं.

पार्लमेंटच्या निवडणुकीला फोटोचं ओळखपत्र यंदा पहिल्यांदाच लागलं. मी आपला भारताचा पासपोर्ट पुढे केला. टेबलावरच्या बाईंनी फोटो पाहिला, यादीत माझ्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. यंत्र नाही, शिक्का नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं आपल्या उमेदवारासमोर फुली मारायची. हो आई, फुलीच! आपल्याकडे फुली म्हणजे चूक, इथं पसंती. मग घडी घालून कागद पेटीत टाकायचा. बोटाला शाईसुद्धा लावत नाहीत.

आई म्हणाली, तिकडं मत देतेस आणि घरच्या निवडणुकीला येत नाहीस. अगं, परदेशी राहणाऱ्यांना ६-अ फॉर्म भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. टपालानं देता येत नाही. मे महिन्यात रजा मिळत नव्हती आणि तिकिटाचे पैसे ताईच्या लग्नासाठी बाजूला काढले होते. बाबा गुडघा दुखत असताना उन्हात रांगेत उभे राहिले, हे तू सांगितलंस तेव्हा मला पुढं काही बोलवलं नाही. ६-अ मी भरतेय. बीएलओ, म्हणजे मतदारयादी तपासणारे अधिकारी, घरी आले तर मी परदेशात आहे असं खरं तेच सांगा.

पैसे शुक्रवारी पाठवलेत, कार्यालयाचा इसार देऊन टाका. कमी पडले तर संकोच न करता कळवा, मामांकडे मागू नका. माझ्या स्थळांचं ताईचं लग्न झाल्यावर बघू. त्या पत्रिका परत पाठवल्यात तरी चालेल. लग्नाला मी नक्की येणार आहे. रजेचा अर्ज दिलाय, मंजूर व्हायचाय.

तुमची,
धाकटी