हॉट रॉड म्हणजे नासाडी नव्हे

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलेलं की जुन्या गाड्या कापून हॉट रॉड (वेगासाठी हलकी केलेली, इंजिनाची ताकद वाढवलेली गाडी) बनवणं म्हणजे वारशाची नासाडी, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं, आज कोणी सगळे पार्ट जाग्यावर असलेली ओरिजिनल गाडी कापायला घेतली तर मीपण आडवा पडेन. पण दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातल्या पोरांनी बनवलेल्या हॉट रॉड आता स्वतःच ऐंशीच्या घरात आल्यात, त्यांना वारसा नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

मी बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरी केली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला बोट लागलेली तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थाची हॉट रॉड केलेली 1932 ची फोर्ड रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) जवळून बघायला मिळाली. काळी, मडगार्ड काढलेली, बॉडी चेसिसच्या वरच बसलेली, पुढचा अ‍ॅक्सल खाली घेतलेला, पुढे बारीक टायर मागे मोठे, आणि बॉनेटच्या बाजू काढून टाकल्यामुळे अख्खं इंजिन डोळ्यासमोर. काय इंजिन होतं ते! फोर्डचं फ्लॅटहेड (सपाट हेडचं) व्ही८, म्हणजे चार-चारच्या दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर, 1932 साली आलं तेव्हा 221 क्युबिक इंच आणि 65 हॉर्सपॉवर, आठही सिलिंडरचा ब्लॉक एकाच ओतकामात, आणि असं व्ही८ स्वस्त गाडीत देणारा पहिला फोर्डच. व्हॉल्व्ह वर नाहीत, खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड म्हणजे पातेल्यावरचं झाकणच. पण त्याचीच एक पंचाईत, जळालेला गॅस ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेर पडतो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड, म्हणून हे इंजिन तापायला बदनाम. दोन बाजूंना दोन वॉटर पंप असूनसुद्धा.

आणि एवढं असूनही त्या पोरांनी हेच इंजिन धरलं कारण भंगारात स्वस्तात मिळायचं. सिलिंडर बोअर करून मोठे करायचे, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलायचा, अ‍ॅल्युमिनियमचे फिनवाले हेड, वर दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटर, आणि मग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर गाडी सोडायची. मडगार्ड काढले ते स्टाइलसाठी नाही, वजन कमी व्हावं म्हणून! 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि वेग नीट मोजायला लागले. पुढे 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचसारख्या जुन्या गाड्यांच्या शाही प्रदर्शनातही हॉट रॉडना वेगळा वर्ग मिळाला.

आपल्याकडे 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हीए नंबर (विंटेज गाडीचा खास नंबर) मिळायला गाडी 50 वर्षांवर जुनी आणि मूळ रूपातच पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते ठीकच, माझी तक्रार नाही. पण मूळ रूपाच्या नादात आपण गाडीचं फक्त रंगरूप बघायला लागलोय असं मला वाटतं. पणजीला विंटेज रॅली असते तेव्हा लोक क्रोमसोबत सेल्फी काढतात आणि जातात, बॉनेट बंदच. आत ज्या मेस्तांनी (मिस्त्रींनी) पार्ट मिळत नाही म्हणून लेथवर बुश कातून बसवला, गॅस्केट हाताने कापलं, त्यांच्याकडे कोण बघतं? म्हापशाला, मडगावला असे मेस्त मी पाहिलेत, पोर्तुगीज काळात आलेल्या गाड्या त्यांच्याच जिवावर चालू राहिल्या. लाँग बीचच्या त्या रोडस्टरला आणि ह्या गाड्यांना लागलेलं डोकं एकच आहे.

म्हणून आयोजकांना तुमच्यामार्फत विनंती, पुढच्या रॅलीत निदान तासभर सगळ्या गाड्यांची बॉनेट उघडी ठेवा, इंजिन चालू करून दाखवा, आणि गाडीपुढच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली मेस्ताचंही नाव लिहा.

आपला,
एक निवृत्त बोटवाला, म्हापसा