माझ्या तोंडातल्या मलमाविषयी

चि. निखिलास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर पुन्हा म्हणालास, "आई, ते स्टेरॉइड बंद कर." तुझी काळजी मला कळते, पण हे बोलता बोलता सांगण्यासारखे नाही, म्हणून लिहिते आहे.

मला झालेल्या आजाराचे नाव ओरल लायकेन प्लॅनस. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशीच यात तोंडाच्या अस्तराच्या तळच्या थरावर उलटतात, आणि त्यातून गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी व मध्येमध्ये सोलवटलेले लाल चट्टे उमटतात. हा संसर्ग नव्हे, त्यामुळे माझ्यापासून तो कुणाला होणार नाही. आधी कित्येक महिने 'तोंड आले आहे' असे समजून मी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेत राहिले, याची हळहळ मात्र वाटते; बायॉप्सी झाली तेव्हा कुठे निदान झाले.

हा आजार मुळापासून घालवणारे औषध अजून नाही. आहे ते दाह शमवणारे, आणि त्यात पहिला मान वरून लावायच्या स्टेरॉइडचाच. माझे मलम क्लोबेटासोलचे, ०.०५ टक्क्यांचे आहे. रात्री दात घासून झाले की मी आरशासमोर गाल ओढून धरते, कोरड्या गॉजने चट्टा हलकेच टिपून घेते, कारण ओल्या जागेवर मलम टिकतच नाही, मग बोटाच्या टोकाने पातळ थर देते आणि अर्धा तास काही खात-पीत नाही. असे लावलेले औषध बहुतांशी जागच्या जागी काम करते. साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, हे जे तू वाचलेस, ते मुख्यतः पोटातून दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडचे परिणाम. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या या आजारात फार भडका उडाला तरच आणि थोड्या दिवसांपुरत्या देतात. मलमानेही तोंडात बुरशी वाढू शकते. मलाही ती एकदा झाली होती आणि बुरशीविरोधी औषधाने गेली.

मागे बरे वाटताच मी कुणाला न विचारता मलम सोडले, आणि तीन आठवड्यांत कोमट पाण्याची चूळसुद्धा झोंबू लागली. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक दिवसाआड लावते. पांढऱ्या रेषा अजून दिसतात, पण त्या दुखत नाहीत आणि नुसत्या रेषांना औषधाची गरजही नसते. पुढे आजाराने या मलमाला दाद दिली नाही, तर टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाचे मलम आहे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. अशा सुमारे शंभरातल्या एका रुग्णाला पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून त्रास नसतानाही मी दर सहा महिन्यांनी तपासून घेते. पुढच्या तपासणीला तू सोबत ये. मलम आणखी किती कमी करायचे ते तेव्हाच ठरणार आहे, आणि तुझ्या शंका तू डॉक्टरांनाच विचार.

तुझी,
आई