माझ्या रात्री मोजणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तपासणीला आले तेव्हा तुमच्यासमोर नीट बोलता आलं नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते आणि माझा गळा भरून आला होता. म्हणून लिहिते आहे, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कारण चोंदलेलं नाक आणि घरघरणारी छाती दोन्ही घेऊन दवाखाने पालथे घालणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

तुमच्याकडे येण्याआधी माझी वाटणी झालेली होती. नाकाच्या डॉक्टरांनी नाक बघायचं, छातीच्या डॉक्टरांनी पंपाचा डोस वाढवायचा. वास येत नाही म्हटलं, तर "त्याने काय अडतं?" एकांनी छातीठोकपणे सांगितलं, नाकाचं ऑपरेशन करून टाका, दमा कायमचा जाईल. दुसरे म्हणाले, नाकाचा आणि फुप्फुसांचा काय संबंध? शिकल्यासवरल्या डॉक्टरने असं म्हणावं, याचा राग अजून गेलेला नाही.

तो संबंध तुम्ही समजावलात. नाकपुडीपासून फुप्फुसांपर्यंत श्वासाची वाट एकच. सूजही पुष्कळदा एकाच जातीची. माझ्या नाकातल्या पॉलिपमध्ये, म्हणजे सुजेने वाढलेल्या मऊ गाठींमध्ये, ज्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी सापडल्या, त्याच दम्यात श्वासनलिकांनाही छळतात. नाक बंद पडलं की तोंडाने घेतलेली हवा गाळली जात नाही, ओलसर होत नाही, तशीच कोरडी आत जाते आणि आधीच चिडलेल्या नळ्या आणखी आवळतात. मग तुम्ही विचारलंत, ॲस्पिरिन किंवा तशा एखाद्या दुखण्यावरच्या गोळीने धाप वाढते का? पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं काही जणांत एकत्र असतं आणि त्यांचे पॉलिप पुन्हा उगवण्याची शक्यता जास्त असते, हेही सांगितलंत. इतकी वर्षं डोकं दुखलं की गोळी लिहून देणाऱ्यांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

पण मला आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या एका मिनिटाचे.

माझा स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट टेबलावर होता. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, त्या आकड्यावर बोट ठेवून मी विचारलं, "ऑपरेशननंतर हा वाढेल ना?" तुम्ही म्हणालात, "वाढेलच असं मी सांगणार नाही. काहींचा थोडा वाढतो, पुष्कळांचा आहे तिथेच राहतो. रात्री धाप लागून किती वेळा उठता?" मी सांगितलं. तुम्ही ते त्याच रिपोर्टच्या समासात लिहिलंत, भोवती गोल केलात आणि म्हणालात, "आपण हे मोजू."

तो गोल पाहून मला रडू आलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी आजारी आहे की नाही, हे तोवर छापील आकडाच ठरवत आला होता. रात्रभर उशीला टेकून बसून काढायची आणि सकाळी ऐकायचं, "रिपोर्ट तर चांगला आहे." दमा चढतो-उतरतो, दिवसा फुंकून घेतलेली चाचणी रात्रीची धाप पकडेलच असं नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! तरी माझी रात्र कोणी कागदावर उतरवली नव्हती.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल फारसं लिहीत नाही. ते नीट पार पडलं. तो आकडा जवळपास होता तिथेच आहे. तुम्ही आधी सांगितलं नसतंत, तर ऑपरेशन फुकट गेलं असं धरून मी खचले असते. पण मी आता आडवी झोपते. मध्येमध्ये घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या त्यानंतर लागलेल्या नाहीत. पंप चालू आहे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्प्रेही चालू आहे. ऑपरेशनने वाट मोकळी होते, औषध आतवर पोचतं, पण सूज येण्याचा शरीराचा स्वभाव जात नाही, हे तुम्ही बजावलं होतंत आणि ते मला पटलं आहे.

खोटी आशा दाखवली असती तरी मी तुमच्याकडेच ऑपरेशन करून घेतलं असतं. तुमचं काही बिघडलं नसतं. खरं सांगण्यात तुमचा फायदा नव्हता, तरी ते सांगितलंत, आणि सांगून मला वाऱ्यावर सोडलं नाहीत. माझ्यासमोर छातीच्या डॉक्टरांना फोन लावून औषधं ठरवलीत. अशी माणसं कामाच्या धबडग्यातही समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतात. ती आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा धीर टिकतो.

मी आता रात्रींची नोंदवही ठेवते. पुढच्या खेपेला घेऊन येईन. छातीच्या डॉक्टरांनाही दाखवली. तेही आता रिपोर्ट उघडण्याआधी झोपेचं विचारतात.

तुमची ऋणी,
एक पेशंट